मद्रासहून पाच लघुग्रह शोधणारे पोग्सन, आणि ठाण्याच्या गच्चीवरचा अत्री

घंटाळीकर | १८ एप्रिल, रात्री १०:४०

१६ एप्रिलला ठाण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर पहिल्या आगगाडीची आठवण निघते. बोरीबंदर ते ठाणे, १८५३, चौदा डबे. यंदाही निघाली. मला गेली दोन वर्षं तिच्या पाठोपाठ येणारी १७ तारीखही आठवते. १७ एप्रिल १८६१ च्या रात्री मद्रासच्या सरकारी वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पोग्सन यांना एक नवा लघुग्रह दिसला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून त्याचं नाव 'एशिया' पडलं. लघुग्रहांच्या यादीत क्रमांक ६७. व्यास साधारण साठ किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून कर्जतला लोकलने जाताना जेवढं अंतर कापतो जवळपास तेवढा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला पावणेचार वर्षं लागतात.

मी पोग्सनपर्यंत पोचलो ते भाचीमुळे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे पाचपाखाडीला राहायला आली होती. गच्चीवर सप्तर्षी दाखवत होतो. क्रतू जवळजवळ दुसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी), आणि चौकोन नि शेपटी जिथे जुळतात तिथला अत्री तिसऱ्या प्रतीहून थोडा अंधूक, असं मी सांगितलं. तिने विचारलं, "मामा, अंधूक म्हणजे किती पट?" मला पट सांगता आली नाही. ती झोपल्यावर शोधायला बसलो आणि पहाटे तीनपर्यंत उठलो नाही.

ताऱ्यांच्या सहा प्रती ग्रीकांच्या काळापासून चालत आल्या. पहिल्या प्रतीचे सगळ्यांत तेजस्वी, सहाव्या प्रतीचे जेमतेम दिसणारे. हा सगळा नजरेचा अंदाज. १८५६ साली ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत मदतनीस असलेल्या सत्तावीस वर्षांच्या पोग्सननी त्याला हिशेब दिला. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट प्रकाश. म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. आजही प्रत्येक दुर्बीण, प्रत्येक तारकासूची हाच हिशेब वापरते. क्रतू १.८, अत्री ३.३. फरक दीड प्रतीचा, म्हणजे क्रतू अत्रीच्या चौपट तेजस्वी. भाचीचं उत्तर हे.

त्या रात्री मला सगळ्यांत जास्त भिडलं ते असं, की हा हिशेब लघुग्रहांच्या कामातूनच निघाला. ज्या लेखात त्यांनी तो मांडला त्याचा विषय होता छत्तीस लघुग्रहांची १८५७ सालातल्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेची प्रत. तारा आपल्या जागी स्थिर असतो, त्याची प्रत एकदा लिहिली की झालं. लघुग्रह सूर्यापासून आणि आपल्यापासून जवळ-लांब होत राहतो, त्याचं तेज आठवड्या-आठवड्याला बदलतं. पुढच्या महिन्यात तो किती अंधूक दिसेल हे आधी सांगायचं तर पट ठरलेली हवीच. तशी ती नसल्याने त्यांचं अडलं, म्हणून त्यांनी ती ठरवली.

बाकीची हकीकत थोडक्यात. जन्म १८२९, नॉटिंगहॅम. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. ऑक्सफर्डला असताना तीन लघुग्रह शोधले: आयसिस, एरियाडनी, हेस्टिया. १८६१ च्या सुरुवातीला मद्रासला आले आणि पहिला उन्हाळा संपायच्या आत एशिया सापडला. त्यानंतर सॅफो १८६४, सिल्व्हिया १८६६, कॅमिला १८६८, आणि शेवटचा व्हेरा १८८५. एकूण आठ, त्यातले पाच भारतातून. तीस वर्षं तिथेच काम केलं आणि १८९१ साली मद्रासलाच वारले.

इथे आकाश बघणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढला. कालच अमावास्या झाली, चंद्राचा त्रास नाही. तुमच्या गच्चीवरून अत्री दिसतो का तेही लिहा.

---

कोपरीचे_सर | १८ एप्रिल, रात्री ११:१५

२.५१२ बद्दल थोडी भर. शंभराचं पाचवं मूळ एवढंच पुस्तकात असतं, पण त्या काळी ती पट निवडण्यामागे सोयही होती. २.५१२ चा दहाच्या पायावरचा लॉगरिदम बरोबर ०.४ येतो. त्या काळचं सगळं गणित लॉगच्या कोष्टकावर चालायचं. लघुग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि पृथ्वीपासूनचं अंतर, दोन्हींचे लॉग काढायचे, बेरीज करून पाचाने गुणायचं, की प्रतीतला फरक हातात. त्याआधी निरनिराळ्या लोकांच्या निरीक्षणांतून येणारी पट थोडी मागेपुढे होती. पोग्सननी त्या आसपासची, पण आकडेमोडीला सोपी पडेल अशी संख्या धरली.

दहावीच्या वर्गाला लॉग शिकवत होतो तेव्हा हे मला ठाऊक असतं तर किती बरं झालं असतं. मुलं विचारायची, याचा उपयोग काय. कोष्टक उघडून एका लघुग्रहाची प्रत काढून दाखवली असती.

---

कळवा_यार्ड | १९ एप्रिल, सकाळी ६:५०

घंटाळीकर साहेब, आगगाडी आणि पोग्सन यांचा संबंध तुम्ही तारखेवरून जोडलात. तो त्याहून जवळचा आहे.

मी रेल्वेत सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढली. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने 'मद्रास टाइम' धरला. मद्रासच का? कारण वेळ ताऱ्यांवरून मोजून देणारी सरकारी वेधशाळा तिथे होती. ठरावीक तारा मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो तो क्षण दुर्बिणीतून टिपायचा, त्यावर घड्याळ लावायचं आणि तारयंत्राने ती वेळ सगळीकडे पाठवायची. त्या वेधशाळेचे प्रमुख त्या काळात पोग्सन. मुंबईची स्थानिक वेळ मद्रासच्या अर्धा तास मागे. म्हणजे ठाणे स्टेशनच्या घड्याळात सहा वाजायचे तेव्हा गावात साडेपाच. गावच्या घड्याळावर विसंबून सहाला निघालेल्या माणसाची गाडी अर्ध्या तासापूर्वीच गेलेली असायची.

१८८१ साली मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावायचा प्रयत्न झाला. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला.

नोकरीत असताना रोज ठरल्या वेळी घड्याळं जुळवायचो. ती वेळ मुळात कोणाच्या डोळ्यांनी ताऱ्यावरून घेतली असेल हा विचार तेव्हा मनात आला नव्हता, तुमचा धागा वाचून आला.

---

वागळे_एस्टेट | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

धागा चांगला आहे, पण माझी एक हरकत आहे. सरकारी खगोलज्ञ गोरा, पगार गोऱ्याला, शोधावर नाव गोऱ्याचं. वेधशाळेत रात्र रात्र बसणारे, आकडेमोड करणारे, दुर्बीण फिरवणारे तिथलेच लोक असणार. त्यांच्याबद्दल पहिल्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. 'भारतातून पाच लघुग्रह' म्हणून अभिमान बाळगायचा तर तो कोणाचा?

---

घंटाळीकर | १९ एप्रिल, सकाळी ११:०५

वागळे, तुमची हरकत रास्त आहे. ती ओळ मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवी होती. आता नीट लिहितो.

चिंतामणी रघुनाथाचारी. ते तरुणपणीच वेधशाळेत लागले आणि पोग्सन मद्रासला आले तेव्हा तिथले मुरलेले निरीक्षक होते. पुढे पहिले मदतनीस झाले. १८६७ साली त्यांनी जालक तारकासमूहातला एक रूपविकारी तारा शोधला. म्हणजे ज्याचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं असा तारा. तो शोध त्यांच्याच नावावर नोंदलेला आहे. जालक इतक्या दक्षिणेला आहे की युरोपातल्या वेधशाळांना तो दिसतच नाही.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला पोग्सन मच्छलीपट्टणला गेले आणि रघुनाथाचारींनी वनपर्तीला स्वतंत्र तुकडी नेली. याच ग्रहणात सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात जी पिवळी रेघ दिसली, तिच्यातून पुढे हेलियम उलगडला. ती रेघ सोडियमच्या जागेशी नीट जुळत नाही हे टिपणाऱ्यांत पोग्सन होते. रघुनाथाचारी १८७२ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले, भारतीयांतले पहिले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जाताना दिसतो त्याआधी, त्यांनी सामान्य लोकांसाठी तमिळमध्ये पुस्तिका काढली. १८८० साली ते वारले.

यादी बघितली तर १८६८ च्या कॅमिलानंतर १८८५ च्या व्हेरापर्यंत सतरा वर्षं एकही नवा लघुग्रह नाही. हवामानाच्या नोंदी, रोजची वेळ, तारकासूचीचं प्रचंड काम, हे सगळं मोजक्या माणसांवर होतं. त्यातच रघुनाथाचारींसारखा माणूस गेला. त्या मोठ्या खंडाचं कारण मला इथेच दिसतं.

---

पारसिक_खिंड | १९ एप्रिल, दुपारी १:२०

रघुनाथाचारींचं नाव आलं म्हणून. त्यांनी वेधांवर आधारलेलं 'दृग्गणित पंचांग' सुरू केलं होतं. पंचांगातला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, एवढा साधा त्यांचा आग्रह. आपल्याकडे त्याच दशकांत केरूनाना छत्रे हाच आग्रह धरून होते. १८६५ पासूनचं पटवर्धनी पंचांग त्यातूनच आलं. दोघांनाही जुन्या करणग्रंथांवर, म्हणजे पंचांगाच्या गणिताच्या जुन्या पोथ्यांवर, चालणाऱ्या मंडळींशी वाद घालावे लागले.

माझे आजोबा पटवर्धनी पाळायचे, शेजारचं घर दुसरं पंचांग. अधिक महिना आला की दोन्ही घरांचे सण वेगळे पडायचे. लहानपणी ते नुसतं भांडण वाटायचं. मूळ प्रश्न दुर्बिणीला डोळा लावणाऱ्यांनी उभा केला होता हे फार उशिरा कळलं.

---

नेरुळची_आई | १९ एप्रिल, दुपारी ४:४५

मलाही एका राहून गेलेल्या माणसाबद्दल लिहायचंय. पोग्सनांची मुलगी, एलिझाबेथ आयसिस.

१८५६ च्या लघुग्रहाचं नाव आयसिस, तीन वर्षांच्या लेकीचंही तेच, आणि ऑक्सफर्डजवळ टेम्स नदीलाही आयसिस म्हणतात. ही लेक मद्रासला वडिलांच्या हाताखाली शिकली. १८७३ पासून वेधशाळेत गणक म्हणून नोकरीला लागली, पुढे मद्रास इलाख्याच्या हवामान नोंदींचं कामही तिच्याकडे आलं. वडील गेल्यावरही ती १८९८ पर्यंत काम करत राहिली.

१८८६ साली वडिलांनी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोशिपसाठी तिचं नाव सुचवलं. सोसायटीच्या सनदेत फेलोसाठी पुल्लिंगी सर्वनाम होतं, त्यावर वकिलांनी बाईला घेता येत नाही असं मत दिलं आणि नाव मागे घ्यावं लागलं. अखेर १९२० साली ती फेलो झाली. मधली चौतीस वर्षं एका सर्वनामापायी गेली, हे वाचून मला खूप राग आला.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या गटातून तिने लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत भाग घेतला. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं येतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरवर ती एकामागून एक फिरवायची. सगळे तारे जागच्या जागी असतात आणि एखादाच ठिपका टक्, टक्, टक्, टक् करत सरकतो. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा ती किंचाळली. मी स्वयंपाकघरातून धावत गेले, काही पडलं की काय म्हणून. तो लघुग्रह आधीच माहीत असलेला निघाला, तरी तिला त्या रात्री झोप आली नाही.

पोग्सनांकडे तर फोटोही नव्हते ना? मग त्यांना ठिपका सरकलेला कसा कळायचा?

---

घंटाळीकर | १९ एप्रिल, रात्री ९:१०

ताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि आयसिसबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं.

फोटोवरून लघुग्रह शोधायची सुरुवात जर्मनीच्या माक्स वोल्फनी डिसेंबर १८९१ मध्ये केली. पोग्सन त्याच वर्षी जूनमध्ये वारले. त्यांचं सगळं काम डोळा आणि हाताने काढलेला नकाशा यांवर.

कसं ते समजावं म्हणून मी मागच्या मे महिन्यात स्वतः करून पाहिलं. व्हेस्टा हा लघुग्रह तेव्हा तूळ राशीत होता आणि चांगला तेजस्वी, १० गुणिले ५० च्या साध्या द्विनेत्रीतून सहज दिसण्यासारखा. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधला, पुठ्ठ्यावर कागद लावला आणि दुर्बिणीच्या एका वर्तुळात दिसणारे सगळे ठिपके काढले. अकरा आले. कुठला मोठा, कुठला बारीक, कोणत्या तिघांचा त्रिकोण होतो हेसुद्धा लिहिलं. वर्तुळ काढायलाच पाऊण तास गेला, कारण कागदावरून नजर वर नेली की डोळे परत अंधाराला सरावायला वेळ घेतात आणि दुर्बीण जरा हलली तर कुठला ठिपका कुठला ते विसरायला होतं. दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्री तेच वर्तुळ पुन्हा काढलं. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. दहा ठिपके जुळले, अकरावा नखभर पश्चिमेला सरकला होता.

मला व्हेस्टा तिथे आहे हे आधीच माहीत होतं. पोग्सनना काय माहीत होतं? काहीच नाही. आयनिकवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, पट्ट्यातले नकाशे काढून ठेवायचे, महिन्यामागून महिने तेच तुकडे तपासायचे आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की तासाभराने परत बघायचं. तो तारा असेल तर नकाशात राहून गेलेला, सरकला तर लघुग्रह. मद्रासहून सापडलेल्या पाचांपैकी तीन एप्रिल-मे महिन्यांतले आहेत. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्या उकाड्यात घुमटाखाली नकाशावर घाम पडू न देता काम करणं कसं असेल, ते आपल्याला मे महिन्यात गच्चीवर उभं राहिलं की थोडंफार समजतं.

---

खारघर_टेकडी | २० एप्रिल, सकाळी ८:००

बिएलाच्या धूमकेतूची गोष्ट राहिली की. २७ नोव्हेंबर १८७२ ला प्रचंड उल्कावर्षाव झाला. हा धूमकेतू आधीच फुटलेला होता, त्याच्याच कचऱ्यातून पृथ्वी गेली असं मानलं गेलं. जर्मनीच्या गॉटिंगेनहून क्लिंकरफ्यूस यांनी पोग्सनना तार केली: बिएला पृथ्वीला चाटून गेला, थीटा सेंटॉरी या ताऱ्याजवळ शोधा. निघून जाणारा धूमकेतू नरतुरंगात, म्हणजे दक्षिणेला दिसणार, आणि युरोपातून तो भाग नीट दिसत नाही. मद्रासहून दिसतो.

२ आणि ३ डिसेंबरला पहाटे पोग्सनना खरंच धूमकेतूसारखं काहीतरी सापडलं. पुढे लोकांनी हिशेब केला तेव्हा ते बिएलाशी जुळलं नाही. ऐन डिसेंबरच्या पावसाळी मद्रासमध्ये, तार मिळताच उठून दोन पहाटा त्यांनी ढगांतून वाट काढली, हे मला कुठल्याही शोधाइतकंच मोठं वाटतं.

---

वागळे_एस्टेट | २० एप्रिल, सकाळी १०:२५

घंटाळीकर, रघुनाथाचारी आणि आयसिस या दोन पोस्टींसाठी आभार. माझी हरकत मागे घेत नाही, पण धाग्यात तिला आता जागा मिळाली.

पाचांपैकी सिल्व्हियाबद्दल थोडं वाचलं. सुमारे २७० किलोमीटरचा लांबोडा लघुग्रह. २००१ साली त्याच्याभोवती एक चंद्र सापडला आणि २००४ साली दुसरा. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिला लघुग्रह. रोमन कथेत रिया सिल्व्हियाला जुळे मुलगे, रोम्युलस आणि रेमस. चंद्रांना तीच नावं दिली. १८६६ साली मद्रासला आईचं नाव ठेवलं, मुलं सव्वाशेहून जास्त वर्षांनी सापडली.

---

उपवन_रात्रपाळी | २० एप्रिल, रात्री ११:५०

अत्रीची नोंद. उपवन तलावाच्या काठावरून आत्ता बघितला. रस्त्याच्या दिव्याकडे पाठ करून, दहा मिनिटं थांबल्यावर दिसला. अरुंधती नाही.

---

नेरुळची_आई | २१ एप्रिल, रात्री १०:३०

नेरुळहून अत्री नाही. समोरच्या इमारतीने दोन वर्षांपूर्वी गच्चीवर मोठे पांढरे दिवे लावले, रात्रभर चालू. विनंती दोनदा केली. मुलगी म्हणते तिसऱ्यांदा अर्ज ती लिहिणार, आणि त्यात किती पट तेज वाया जातं ते पोग्सनच्या हिशेबाने घालणार.

---

खारघर_टेकडी | २१ एप्रिल, रात्री ११:१०

खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी अत्री स्पष्ट. वसिष्ठाशेजारी अरुंधतीही दिसली, तिच्याकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघितल्यावर.

---

घंटाळीकर | २२ एप्रिल, रात्री १०:००

सगळ्यांच्या नोंदी वहीत उतरवून घेतल्या, ठिकाण आणि वेळेसकट.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. पोग्सनच्या व्हेरानंतर भारतातून नवा लघुग्रह सापडायला १९८८ साल उजाडलं. १७ फेब्रुवारीला तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेत आर. राजामोहन यांच्या कामातून तो सापडला आणि त्याला रामानुजन यांचं नाव दिलं. क्रमांक ४१३०. कवलूर चालवणारी भारतीय खगोलभौतिकी संस्था आपली परंपरा त्या जुन्या मद्रास वेधशाळेपासूनच मोजते. आणि खुद्द पोग्सन यांच्या नावाचाही एक लघुग्रह आहे, क्रमांक १८३०.

आज भाचीला फोन करून हा धागा वाचून दाखवला. ती आता नववीत गेली. म्हणाली, "मामा, अरुंधती चौथ्या प्रतीची, अत्री ३.३ चा. म्हणजे जवळजवळ दुप्पट. उपवनला अत्री दिसतो आणि अरुंधती नाही, तर तिथलं आकाश बरोबर त्या दोघांच्या मध्ये अडलंय." मी वही उघडून उपवनच्या नोंदीपुढे ते लिहून ठेवलं. मेच्या सुट्टीत ती येतेय, तेव्हा येऊरच्या पायथ्यापासून स्टेशनपर्यंत दर दोन किलोमीटरला थांबून अत्री बघायचं ठरलंय. कोणाला यायचं असेल तर इथे लिहा, टॉर्चसाठी लाल जिलेटीन मी आणतो.